मला वारा सोसत नाही

रात्रीचे साडेबारा वाजलेत. माहेरी आलेय, कोरेगावला. सगळे झोपलेत, निदान दिवे तरी बंद झालेत. मी बाहेरच्या खोलीत कासवछाप लावून एका बोटाने टाइप करतेय, चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. आज झोप येणार नाही आणि त्याला कारण दादा आहे. की लेक आहे? लिहिता लिहिता कळेल बहुतेक.

सकाळी स्वारगेटहून आम्ही दोघी एसटीत बसलो. शनिवार, गाडी गच्च. बायका जास्त, मग मागून कुणीतरी तो विनोद केलाच, की हाफ तिकीटवाल्या बसणार आणि फुल तिकीटवाले उभे राहणार. मार्च २०२३ पासून हाच एक विनोद ऐकतेय. नवा तरी शोधा रे. असो. लेक खिडकीशी बसली. बारावीत आहे. कानात इअरफोन, नजर मोबाईलवर. आणि बसल्या बसल्या, मान वर न करता, तिने अंगातला हुडी काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि सीटची पाठ आणि खिडकीखालचा पत्रा यांच्यामध्ये जी चार बोटांची फट असते ना, तिच्यात कोंबली. वरून मुठीने दोनदा ठोकली. परत मोबाईल.

एसटीने फिरलेल्या बायकांना ती फट सांगायला नको. आणि जे पुरुष आत्ता 'कसली फट?' म्हणतायत त्यांनी घरातल्या कुठल्याही बाईला विचारावं.

मी तिला हे कधीही शिकवलेलं नाही. आईशप्पथ. खंबाटकी चढेपर्यंत मी गप्प होते. मग विचारलं, "ते कशाला गं लावलंस?"

"काय?"

"हुडी."

"तू पर्स लावतेस की नेहमी," म्हणाली आणि पुन्हा इअरफोन घातले.

खरंय. लावते. नाटकाला गेले तरी खुर्चीच्या कडेला पर्स खोचते, तिथे फट नसली तरी. नवरा सुरुवातीला म्हणायचा, पडेल ती, मांडीवर घे. आता म्हणत नाही. आणि मी शक्यतो खिडकीशी बसतच नाही. माझ्याबद्दल सासरी, माहेरी, ऑफिसात एक गोष्ट ठरून गेलीये, की हिला वारा सोसत नाही. सहलीला गेलो की वन्सं आधीच म्हणतात, हिला आत बसू द्या, हिला वारा लागतो.

मला वारा आवडतो हो. लहानपणी खिडकीसाठी दादाशी मारामाऱ्या केल्यात मी.

१९९३. मी अकरावीत, कॉलेज साताऱ्यात. आठवड्यातून दोन दिवस एनसीसीची परेड असायची म्हणून सकाळची पावणेसातची गाडी. पास होता. त्या दिवशी अंगावर खाकी गणवेश होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला माहितीये कोण काय विचारणार आहे. खाकी शर्ट, खाकी पॅंट, पट्टा, आईने रात्री तांब्यात निखारे घालून केलेली कडक इस्त्री. यापेक्षा अंगभर काय घालतात? टोपी मांडीवर होती. खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होते.

माहुलीच्या पुलाच्या अलीकडे बरगडीला काहीतरी लागलं. पहिल्यांदा वाटतं की मागच्याची पिशवी लागत असेल. सगळ्यांना पहिल्यांदा पिशवीच वाटते. मी पुढे सरकले. पिशवीही पुढे सरकली. मग कळलं की पिशवीला बोटं आहेत.

मी काय केलं? काही नाही. टोपीवरचा बिल्ला वाचत बसले. 'एकता और अनुशासन'. वाचायचं, संपलं की परत वाचायचं. सोळा वर्षांची, कॅंपमध्ये रायफल चालवलेली मुलगी मी, आणि माझ्या तोंडातून साधं 'ओ' निघालं नाही.

आता दादाकडे येते. रात्री जेवताना मी उगाच, सहज, स्वारगेटचा विषय काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या डेपोत, उभ्या शिवशाहीत, पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाला, ते सगळ्यांना माहिती आहे. दादा भाकरी मोडत म्हणाला, "ते वाईटच झालं. पण मला एक कळत नाही, आजकालच्या पोरी शिकलेल्या, हातात मोबाईल, ११२ नंबर आहे, मग वरडत का नाहीत? स्टँडवर माणसं होती की."

दादा चांगला माणूस आहे. खरंच चांगला. वहिनीच्या आजारपणात त्याने तिचे केस विंचरलेत. म्हणून तर जास्त लागलं. एखादा टगा बोलला असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

आणि हे काय तो एकटाच म्हणत नाही. त्या वेळी आपले गृहराज्यमंत्रीही म्हणाले होते की आत झटापट झाली नाही म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही. नंतर विपर्यास झाला वगैरे नेहमीचं. आमच्या ऑफिसच्या तक्रार समितीत मी आहे, तिच्या प्रशिक्षणात वकीलबाईंनी मथुरा प्रकरण सांगितलं होतं. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, देसाईगंज, १९७२ साल, पोलीस ठाण्याचंच आवार. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, बलात्काराचा आरोप. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला आणि भाकरी मोडणारा माणूस अजून तिथेच. ओरडली का नाही. ओरडली का नाही. अरे, तुझी बहीण ओरडली नव्हती! पुढच्या ताटावर बसलीये ती, तुला आमटी वाढतीये!

हे मी बोलले नाही. इथे लिहितेय. तिथे मी फक्त "भात घे" म्हणाले.

(दादा फेसबुकवर नाही. वहिनी आहे. वहिनी, वाचलंत तर सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

त्या गाडीत एक बाई उभी होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, काखेत घेवड्याची पिशवी. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, तो ठिपक्यांचा. पिशवीला मधे शिवण उसवलेली आणि तिथून एक एक दाणा खाली पडत होता, एवढं मला दिसत होतं. त्या माणसाचं तोंड मला आजही आठवत नाही. मी वळून पाहिलंच नव्हतं. नंतर फक्त मनगट दिसलं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, पट्टा सैल. आजही गर्दीत माझी नजर आधी माणसांच्या मनगटावर जाते. बॅंकेच्या रांगेत, लग्नात, कुठेही. सैल पट्टा दिसला की मी दोन पावलं बाजूला होते. तो बिचारा कुणाचा तरी मास्तर असेल, काका असेल. पण पाय ऐकत नाहीत.

तर ती बाई. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. आणि मोठ्यांदा म्हणाली, "आगं ए पोलिसीन, ऊठ जरा. हिकडं बस. मला वारा पायजे, मळमळतंय."

मी उठले. ती खिडकीशी बसली, घेवड्याची पिशवी दोन्ही हातांनी त्या फटीत कोंबली, वरून मुठीने ठोकली. पदर घट्ट ओढून घेतला. आणि सातारा स्टँड येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ना मला, ना त्याला. उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून "जा" म्हणाली. एवढंच.

मुठीने ठोकली. माझी लेक तशीच ठोकते. तिने ती बाई पाहिलेली नाही.

कित्येक वर्षं मला त्या बाईचाच राग होता. त्या माणसाइतकाच. तिला कळलं होतं ना? मग एक कानाखाली का नाही काढली? कंडक्टरला का नाही सांगितलं? सिंगल बेल मारून गाडी थांबवता आली असती. म्हणजे बघा, मी तिला तेच विचारत होते जे आज दादा विचारत होता. ओरडली का नाहीस. हे आत्ता लिहिताना कळतंय मला.

बरं, आता सगळ्यांत महत्त्वाचं. लोकांना वाटतं त्या दिवशी जे झालं ते झालं, पाच-सात मिनिटं, संपलं. 'एवढं काय झालं' हा आपल्याकडचा राष्ट्रीय प्रश्न आहे. तर काय झालं ते सांगते. मी पावणेसातची गाडी सोडली. आठची धरायला लागले, तिला आमच्या गल्लीतल्या दोघी असायच्या. आठच्या गाडीने परेड मिळत नाही. तीन परेड बुडल्या, मग सरांनी विचारलं, मग मी नाव काढून घेतलं. 'सी' सर्टिफिकेटपर्यंत जायचं माझं ठरलं होतं. पुढे पोलिसांत, सैन्यात, कुठेतरी. घरी सांगितलं की पाय दुखतात.

अण्णा म्हणाले, "हिच्यात चिकाटी नाही."

बस. तो शिक्का बसला. कॉम्प्युटरचा क्लास सोडला (तिथल्या जिन्यात दिवा नव्हता आणि खाली टोळकं बसायचं), चिकाटी नाही. लायब्ररी लावून बंद केली, चिकाटी नाही. आणि वाईट याचं की मलाही ते पटलं. ऑफिसात बढतीबरोबर बदली आली तेव्हा मीच साहेबांना म्हणाले, नको सर, मला जमायचं नाही, माझ्यात चिकाटी नाही. नवीन गाव, नवीन स्टँड, संध्याकाळची शेवटची गाडी, हे डोळ्यांपुढे आलं होतं, पण ओठांवर आलं ते अण्णांचं वाक्य. कुठल्या पंचनाम्यात लिहायचं हे?

अण्णांवर राग नाही. होता, आता नाही. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना मी सांगणार होते, खरं सांगते, एकदा ठरवलं होतं. जानेवारी १९९६. पेपरात रूपन देओल बजाज यांच्या खटल्याची बातमी होती. त्या आयएएस अधिकारी, समोर के. पी. एस. गिल, पंजाबचे पोलीस महासंचालक. १९८८ मध्ये पार्टीत त्यांनी बाईंच्या पार्श्वभागावर चापट मारली होती, त्यात कोर्टाने त्यांना दोषी धरलं. मी चहा घेऊन आले, मनात म्हटलं आज विषय निघेल, आज सांगते. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि हसले. "एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा खटाटोप. एवढा मोठा माणूस." मी कप ठेवून आत गेले.

त्या बाईंचा शेवटचा निकाल २००५ मध्ये लागला. सतरा वर्षं. आयएएस अधिकारी होत्या म्हणून निदान लागला तरी. पण त्या लढल्या, ते मान्य करायलाच हवं, आणि माझ्यासारख्या बायका घेवड्याची पिशवी शोधत राहिल्या हेही मान्य करायला हवं.

समितीचं म्हणाल तर आमच्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एका फलकावर लिहून वॉटर कूलरच्या मागे लावलाय. पाणी प्यायला वाकलं की वाचता येतो. तक्रार तीन महिन्यांत करायची. फारच अडचण असेल तर आणखी तीन महिने. मला तीस वर्षांहून जास्त लागली आणि अजूनही मी कुणाचं नाव सांगू शकत नाही, कारण नाव नाही, फक्त घड्याळ आहे.

शब्दांचाही मला राग येतो. 'छेडछाड'. सतारीची तार छेडतात, गाण्यात राधेची छेड काढतात. किती गोड शब्द! 'रोडरोमिओ'. हा प्रेमी का? आणि कायद्यातला आपला 'विनयभंग'. १८६० पासूनची कल्पना, जुन्या कलम ३५४ चं आता न्याय संहितेत ७४ झालं, आकडा बदलला, शब्द तोच. भंग कुणाचा, माझ्या विनयाचा? माझा विनय शाबूत होता हो. इतका शाबूत होता की मी त्या माणसाला वळून त्रास दिला नाही. मोडलं ते दुसरंच काहीतरी. त्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. आमची आजी म्हणायची 'अंगचटीला येतो', ते निदान खरं आहे, त्यात अंग तरी आहे.

हो, सगळे पुरुष असे नसतात. माहितीये. तेच घड्याळवाले हात जागा देतात, बॅग वर ठेवतात. खोट्या तक्रारीही होत असतील. झालं? लिहिलं मी. आता कमेंटमध्ये तेच परत लिहू नका.

जरा चिडचिड झाली. पाणी पिऊन आले.

पाणी प्यायला गेले तर आई स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. तिला हल्ली झोप लागत नाही. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "भाऊच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "कशाचं?"

"तू परेड सोडलीस तेव्हाच मला कळलं होतं, गाडीत काहीतरी झालंय. इस्त्री केलेला ड्रेस तू ट्रंकेत तळाशी ठेवलास. कुणी असा ठेवतं का?"

मी उभीच राहिले. तीस वर्षं आई हे घेऊन बसली होती. म्हटलं, "मग विचारलं का नाहीस गं?"

"तू सांगितलं असतंस तर मला यांना सांगावं लागलं असतं. यांना सांगितलं असतं तर तुझं कॉलेज बंद झालं असतं."

आणि खरंच झालं असतं. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला पेटवलं होतं, त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोन मुलींची शाळा सुटली होती. उल्हासनगर कुठे, कोरेगाव कुठे. आईने हिशेब केला. परेड गेली तर गेली, कॉलेज राहू दे. ती बोलली नाही म्हणून मी बीकॉम झाले, नोकरीला लागले, आज समितीत बसते. हिला ओरडली का नाहीस म्हणून विचारायचं कुणी? दादाने?

मला रडू आलं नाही. आईच्या पायांना तेल लावून दिलं थोडा वेळ. तिने विचारलं, ती परेडची टोपी कुठे आहे? मला माहीत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या जणी 'मी टू' लिहीत होत्या, तेव्हा मीही इथेच, याच भिंतीवर, ते दोन शब्द टाकले होते. पंचवीस मिनिटांत काढले. सासरकडच्या एका काकांनी खाली लिहिलं होतं, 'काय झालं सूनबाई?' आणि पुढे हसरा चेहरा. तेव्हा लेक लहान होती. तेव्हा वाटलं, आपण गप्प राहिलो तरी तिच्या वेळेपर्यंत ही फटच राहणार नाही. नव्या गाड्या येतील, एसी, पुशबॅक सीट. आल्याही गाड्या. फटीची रुंदी तेवढी कमी-जास्त झाली.

मघापासून एक गोष्ट टाळतेय. तिने ती गुंडाळी फक्त माझं बघून लावली का?

मी सकाळी तिला ते विचारलं नाही. 'कशाला लावलंस' विचारलं, 'काही झालं होतं का' नाही विचारलं. खंबाटकी ते सातारा पाऊण-एक तास होता माझ्याकडे. मी तिच्या हुडीकडे बघत बसले, बिल्ल्याकडे बघत बसले होते तशी. ती म्हणाली 'तू लावतेस की' आणि मी ते उत्तर पटकन घेतलं, कारण ते सोपं होतं. आईने नाही विचारलं ते माझं कॉलेज वाचवायला. मी काय वाचवतेय? माझ्या लेकीचं कॉलेज कुणी बंद करणार नाहीये. तिचा बाप असा नाही. मग?

आत डोकावून आले. ती जागीच आहे, मोबाईलचा उजेड तोंडावर. मी दारात उभी राहून म्हटलं, "उद्या परत जाताना खिडकीशी मी बसेन हं."

"तू? तुला तर वारा सोसत नाही."

"सोसतो."

तिने मोबाईल उलटा ठेवला. सरकून जागा केलीये मला. जाते.